विज्ञानकथेची मालिका आणि तिचे नाव

विक्रोळीतील गोदरेजच्या कारखान्यात 'इस्रो'च्या अग्निबाणांसाठी अनेक वर्षे इंजिने घडत आली. त्यांपैकी एकाचे नाव 'विकास'. विक्रम अंबालाल साराभाई यांच्या नावातील अक्षरांवरून ते ठेवले गेले, असे सांगतात. या नावातून अग्निबाणाचा बोध होत नाही, पण त्यावाचून इंजिनाचे काही अडत नाही. दूरचित्रवाणीवरील विज्ञानकथेचे मात्र अडते. पहिला भाग पाहण्याआधी प्रेक्षकाच्या हाती असते ते केवळ नाव, आणि मालिका आपल्यासाठी की मुलांसाठी, याचा निवाडा तो तेवढ्यावरच करून टाकतो.

ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर 'स्पेस सिटी सिग्मा' आली, तेव्हा स्पर्धक वाहिनीच नव्हती. नाव परके असले तरी चालून गेले. १९९८ च्या सुमारास केतन मेहता यांची 'कॅप्टन व्योम' आली, तोवर घरोघरी केबल पोहोचली होती. 'व्योम' म्हणजे आकाश. त्यामागे 'कॅप्टन' जोडल्याने मुलांना नायकही मिळाला आणि अंतराळही. मिलिंद सोमणचा व्योम त्या पिढीच्या आजही स्मरणात आहे. परंतु या नावाने मोठ्यांसाठी दार जवळजवळ बंदच केले.

पुढील निर्मात्यांनी विज्ञान नावातून हद्दपार केले. 'स्मॉल वंडर' या अमेरिकी मालिकेवरून २००३ मध्ये 'करिश्मा का करिश्मा' आली. तिची नायिका यंत्रमानव असली तरी नाव एखाद्या चुणचुणीत मुलीच्या गोष्टीचे वाटे. २०१६ मधील 'बहू हमारी रजनी कांत'ने तर सासू-सुनांचाच प्रेक्षक गाठला. सून यंत्रमानव आहे, याची खूण 'रजनी कांत' या शब्दांत होती. २०१० च्या 'रोबोट' चित्रपटात रजनीकांत यांनीच यंत्रमानव रंगवला होता. युक्ती नामी खरी, पण विज्ञान घरगुती विनोदापुरते उरले आणि मालिका वर्षभरातच आटोपली.

नाव बदलल्याने दैव पालटते का, याचा दाखला अमेरिकेत मिळतो. २००१ मध्ये 'स्टार ट्रेक' परंपरेतील नवी मालिका नुसत्या 'एंटरप्राइज' या नावाने सुरू झाली. प्रेक्षक ओसरू लागल्यावर तिसऱ्या हंगामात 'स्टार ट्रेक' हे शब्द मागे जोडण्यात आले. तरीही २००५ मध्ये चौथ्या हंगामानंतर ती बंद पडली. कुतूहलाने येणारा प्रेक्षक येऊन गेलेला होता. जुने नाव त्याला परत आणू शकले नाही.

मराठीत शास्त्रीय शब्दाला वाचक बिचकतो, हा निर्मात्यांचा समज मात्र तपासून पाहावा असा आहे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत जयंत नारळीकरांनी 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने कथा पाठवली. लेखकाच्या कीर्तीचा आधार नसतानाही तिला पहिले पारितोषिक मिळाले. कथेचे नाव होते 'कृष्णविवर'.