गावपाहणी, समाजकार्य आणि ‘लाभार्थी’

दौंड तालुक्यातील कासुर्डीसारख्या गावी समाजकार्याचा विद्यार्थी क्षेत्रकार्यासाठी जातो, तेव्हा आपण एका नव्या व्यवसायाचे प्रतिनिधी आहोत अशी त्याची समजूत असणे स्वाभाविक आहे. तथापि गावात राहून विषमतेची मोजदाद करण्याची विद्यापीठीय परंपरा या परिसरात त्या व्यवसायाहून जुनी आहे. या दोन परंपरांनी गरीब माणसाला कोणत्या नावाने ओळखले, हे पाहणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू होय.

पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मॅन यांची पिंपळे सौदागर येथील पाहणी १९१७ साली प्रसिद्ध झाली. ना. वि. कानिटकर यांच्या सहकार्याने केलेली दुसरी पाहणी १९२१ सालची. ती भीमेपलीकडील, शिरूर तालुक्यातील जातेगाव बुद्रुकची. दोन्ही ग्रंथ मुंबई विद्यापीठाच्या अर्थशास्त्रविषयक मालेत निघाले. पिंपळे सौदागर येथे १७७१ साली सरासरी सुमारे ४० एकर असलेली खातेदाराची जमीन १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आली होती. पाहणीतील १०३ कुटुंबांपैकी ६७ कुटुंबांना शेती व मजुरी मिळूनही, त्यांच्या स्वतःच्या राहणीच्या मापाने, खर्चाची तोंडमिळवणी करता येत नव्हती. जिरायती जातेगावची स्थिती याहून बिकट आढळली. या पाहणीतील माणूस खातेदार, ऋणको, मजूर अशा नावांनी येतो; म्हणजे त्याची ओळख त्याच्या जमिनीशी, कर्जाशी व श्रमाशी जोडलेली राहते.

व्यावसायिक समाजकार्याचा उगम निराळा आहे. नामदार गोखले यांनी १९०५ साली पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला. त्याचे सदस्य ना. म. जोशी यांनी १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली. या टप्प्यावर ‘सेवा’ हाच प्रधान शब्द होता. पुढे १९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याची पदव्युत्तर शाळा निघाली. अमेरिकन मिशनरी क्लिफर्ड मॅन्शार्ट हे तिचे पहिले संचालक. नागपाड्यातील त्यांच्या कामाची पार्श्वभूमी शहरी होती आणि अभ्यासक्रमावर अमेरिकन पद्धतीची छाप होती. १९६३ साली पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था सुरू झाली. संस्थेच्या नावात ‘सेवा’, पदवीच्या नावात ‘कार्य’: या संक्रमणाची खूण भाषेतच उमटली आहे.

परंतु हे स्थित्यंतर अपुरे राहिले. करणाऱ्याचे नाव ‘सेवक’ होते, ते ‘कार्यकर्ता’ झाले. ज्याच्यासाठी करावयाचे त्याला मात्र व्यवसायाने स्वतःचा शब्द दिला नाही. वकिलाला अशील असतो, वैद्याला रुग्ण असतो. समाजकार्याच्या अहवालात मात्र बहुधा शासकीय योजनांतला ‘लाभार्थी’ येतो. या शब्दाच्या घडणीतच दाता आणि याचक यांचे अंतर आहे. त्यात जमीन नाही, कर्ज नाही, श्रमही नाहीत. केवळ लाभाची इच्छा आहे. मग विषमता हा नात्याचा प्रश्न न राहता एका व्यक्तीची उणीव ठरते, आणि उपायही त्या व्यक्तीपुरताच सुचतो.

मॅन यांची पाहणी निर्दोष होती असे नव्हे. प्रश्न त्यांचे होते, उत्तरे गावकऱ्यांची होती आणि निष्कर्ष इंग्रजीत छापले गेले. ती विषमता आजच्या संशोधकालाही चुकलेली नाही. म्हणून क्षेत्रकार्याच्या वहीत ‘लाभार्थी’ असे लिहिण्यापूर्वी त्या माणसाची जमीन किती, देणे कोणाचे आणि तो स्वतःला कोणत्या नावाने ओळखतो, या तीन गोष्टी आपण विचारल्या आहेत काय, हे प्रत्येकाने तपासून पाहणे अगत्याचे आहे.