बर्फावरील पॅरा हॉकी : स्त्रियांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा

शरीराच्या कमरेखालील भागात कायम स्वरूपाचे अपंगत्व असलेल्या खेळाडूंनी घसरगाडीवर (स्लेजवर) बसून खेळावयाचा बर्फावरील हॉकीचा एक प्रकार. २०१६ पर्यंत तो अधिकृतपणे ‘आइस स्लेज हॉकी’ या नावाने ओळखला जाई. अमेरिकेत ‘स्लेड हॉकी’ हे नाव अद्यापही रूढ आहे. हिवाळी पॅरालिंपिक क्रीडासामन्यांत या खेळाचा समावेश १९९४ साली झाला. मात्र स्त्रियांच्या संघांची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरावयास २०२५ साल उजाडावे लागले. स्त्रियांच्या या खेळाचा इतिहास म्हणजे मुख्यतः या एकतीस वर्षांच्या अंतराचा इतिहास होय.

खेळाचा उगम स्वीडनमधील स्टॉकहोम येथील एका पुनर्वसन केंद्रात १९६० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत झाला. अपंगत्व आल्यावरही हॉकी सोडावयास तयार नसलेल्या काही खेळाडूंनी धातूच्या चौकटीखाली स्केटची दोन पाती बसविली. चौकटीची उंची अशी राखली, की खेळातील रबरी चकती गाडीखालून आरपार जाऊ शकेल. सायकलच्या मुठी बसविलेल्या गोल दांड्या हीच त्यांची पहिली साधने. शहराच्या दक्षिणेकडील एका गोठलेल्या सरोवरावर ते खेळत. १९६९ पर्यंत स्टॉकहोममध्ये पाच संघांची साखळी स्पर्धा सुरू झाली होती आणि त्याच वर्षी स्टॉकहोम व ऑस्लो येथील संघांत पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला. अर्नशल्द्‌स्वीक (स्वीडन) येथील १९७६ च्या पहिल्या हिवाळी पॅरालिंपिकमध्ये या खेळाचे प्रात्यक्षिक दाखविण्यात आले. पुढे तो ग्रेट ब्रिटन, कॅनडा, अमेरिका, जपान इ. देशांत पसरला.

खेळाडूजवळ दोन आखूड काठ्या असतात. प्रत्येक काठीच्या एका टोकास चकती मारण्यासाठी पाते, तर दुसऱ्या टोकास बर्फात रोवण्यासाठी दातेरी अणी असते. अणीने बर्फ रेटून गाडी पुढे न्यावयाची आणि क्षणार्धात काठी हातात फिरवून पात्याने चकती टोलवावयाची, हे या खेळाचे मर्म होय. उभ्याने खेळल्या जाणाऱ्या हॉकीत धावण्याचे काम पाय करतात व टोला हात मारतात. येथे ही दोन्ही कामे हातांवरच येतात. साहजिकच खांदे, दंड आणि पाठ यांच्या ताकदीला असाधारण महत्त्व येते. प्रतिस्पर्ध्यास अंगाने वा गाडीने धडक देणे नियमांस मान्य आहे. मात्र गाडीचे पुढचे टोक त्याच्या बाजूवर काटकोनात आदळविल्यास शिक्षा होते. प्रत्येक संघाचे गोलरक्षकासह सहा खेळाडू बर्फावर उतरतात व सामना पंधरा मिनिटांच्या तीन भागांत खेळला जातो. स्त्री-पुरुषांच्या मिश्र संघांचा प्रश्न समजून घेण्यासाठी हा तपशील ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

लिलहॅमर (नॉर्वे) येथे १९९४ मध्ये पाच देशांचे संघ उतरले. स्वीडनने सुवर्णपदक मिळविले, तर रौप्यपदक मिळविणाऱ्या नॉर्वेच्या संघात ब्रिट म्यासुन्द अयेन ही स्त्री खेळाडू होती. पॅरालिंपिकमध्ये हा खेळ खेळलेली ती पहिली स्त्री. व्हँकूव्हर (२०१०) येथील सामन्यांपासून स्पर्धा अधिकृतपणे मिश्र ठरली, तरी प्रत्यक्षात दुसरी स्त्री मैदानात उतरली ती थेट २०१८ मध्ये, प्यांगचांग (दक्षिण कोरिया) येथे : नॉर्वेचीच लेना श्रोडर. बीजिंग (२०२२) येथे ब्राँझपदक मिळविणाऱ्या चिनी संघात यू जिंग हिचा समावेश होता. दार उघडे असणे आणि आत जागा असणे यांतील फरक या आकड्यांवरून कळून येतो. बाहूंच्या बळावर व धडकांवर आधारलेल्या खेळात पुरुषांशी स्पर्धा करून संघात स्थान मिळविणे फारच थोड्या स्त्रियांना शक्य होते. त्यामुळे मिश्र स्पर्धेची तरतूद ही समानतेपेक्षा तिची औपचारिकताच अधिक ठरली.

स्त्रियांचे स्वतंत्र संघ प्रथम कॅनडा व अमेरिका या देशांत बांधले गेले. कॅनडाच्या स्त्रियांचा संघ अनेक वर्षे स्वयंसेवकांच्या श्रमांवर आणि खेळाडूंनी स्वतः उभारलेल्या निधीवर चालला. पुरुषांच्या राष्ट्रीय संघास मिळणारे पाठबळ त्याच्या वाट्याला आले नाही. कॅनडातील ब्रॅम्प्टन (आँटॅरिओ) येथे नोव्हेंबर २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय पॅरालिंपिक समितीच्या छत्राखाली स्त्रियांची पहिली आंतरराष्ट्रीय चषक स्पर्धा झाली. तीत कॅनडा, अमेरिका व यूरोप असे तीनच संघ होते आणि विजेतेपद अमेरिकेने मिळविले. यूरोपचा संघ निरनिराळ्या देशांतील खेळाडू एकत्र करून बनविलेला होता. आपल्या देशात एकट्यादुकट्याच असलेल्या व एरवी पुरुषांच्या क्लबांतून सराव करणाऱ्या स्त्रियांना अशा संयुक्त संघामुळे आंतरराष्ट्रीय सामन्याचा अनुभव मिळाला, ही या योजनेची जमेची बाजू. तथापि संयुक्त संघ कोणत्याच देशाचा नसल्यामुळे राष्ट्रांच्या गणनेत त्याचा उपयोग नव्हता आणि खेळाला मान्यता मिळण्याच्या दृष्टीने नेमकी तीच गणना महत्त्वाची होती. पुरेसे देश नाहीत म्हणून पॅरालिंपिकमध्ये स्थान नाही. स्थान नाही म्हणून राष्ट्रीय संघटना पैसा खर्च करीत नाहीत. आणि पैशाअभावी नवे संघ उभे राहत नाहीत, असे हे दुष्टचक्र होते. बर्फाच्या क्रीडांगणाचे भाडे व खास बनवून घ्यावयाच्या गाड्यांची किंमत यांमुळे ते अधिकच घट्ट झाले.

उभ्याने खेळणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत क्रम उलट होता. त्यांची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा ऑटावा येथे १९९० मध्ये झाली व आठच वर्षांनी, नागानो येथे (१९९८), त्यांना ऑलिंपिकमध्ये प्रवेश मिळाला.

ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेतील ग्रीन बे (विस्कॉन्सिन) येथे स्त्रियांची जागतिक आव्हान स्पर्धा भरली. अमेरिका व कॅनडा यांच्याबरोबर ग्रेट ब्रिटनचा संघ आणि अनेक देशांतील खेळाडूंचा एक जागतिक संघ तीत सहभागी झाला. विजेतेपद पुन्हा अमेरिकेकडे गेले. त्यानंतर तीन वर्षांनी, ऑगस्ट २०२५ मध्ये, स्लोव्हाकियातील डॉल्नी कुबीन या गावी पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा सहा संघांत खेळली गेली. अंतिम सामन्यात अमेरिकेने कॅनडाचा पराभव केला. मिलान-कोर्तिना येथील २०२६ च्या पॅरालिंपिक कार्यक्रमात मात्र पूर्वीप्रमाणे एकच मिश्र स्पर्धा होती. स्त्रियांसाठी स्वतंत्र स्पर्धा तीत नव्हती.