बेनिंग्टन महाविद्यालयातील नृत्यशिक्षण

बेनिंग्टन महाविद्यालय हे अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातील लिबरल आर्ट्स महाविद्यालय आहे. एकाच व्यवसायाचे प्रशिक्षण देण्याऐवजी साहित्य, विज्ञान, समाजशास्त्रे व कला यांचे व्यापक शिक्षण पदवीपूर्व स्तरावर देणाऱ्या संस्थेस लिबरल आर्ट्स महाविद्यालय म्हणतात. १९३२ मध्ये स्त्रियांसाठी सुरू झालेल्या या महाविद्यालयाने नृत्यास आरंभापासूनच इतर विषयांच्या बरोबरीचे स्थान दिले. १९६९ पासून येथे सहशिक्षण आहे.

पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकन महाविद्यालयांत नृत्य हे बहुधा स्त्रियांच्या शारीरिक शिक्षणाचा एक भाग म्हणून व्यायामशाळेत शिकवले जाई. मार्गारेट ह्'डबलर यांच्या प्रयत्नाने विस्कॉन्सिन विद्यापीठात १९२६ मध्ये नृत्य हा मुख्य विषय घेऊन पदवी मिळवण्याची सोय झाली. तथापि तो अभ्यासक्रमही शारीरिक शिक्षणाशीच संलग्न होता. बेनिंग्टनमध्ये मात्र नृत्याची गणना संगीत, नाट्य व चित्रकला यांच्यासमवेत कलाविषयांत झाली. या विभागाची उभारणी मार्था हिल यांनी केली. त्या काही काळ मार्था ग्रॅहम यांच्या नृत्यसमूहात नर्तकी होत्या.

उन्हाळी नृत्यशाळा

१९३४ मध्ये मार्था हिल व मेरी जोसेफिन शेली यांनी येथे सहा आठवड्यांची उन्हाळी नृत्यशाळा सुरू केली. मार्था ग्रॅहम, डोरिस हम्फ्री, चार्ल्स वाइडमन आणि जर्मनीहून आलेल्या हान्या होल्म हे आधुनिक नृत्याचे चार अग्रणी येथे शिकवत. परस्परांहून भिन्न अशा त्यांच्या पद्धती विद्यार्थ्यांना एकाच ठिकाणी अभ्यासता येत. लुई हॉर्स्ट नृत्यरचना शिकवत. पव्हान, सराबँड यांसारख्या जुन्या युरोपीय दरबारी नृत्यांच्या आकृतिबंधांत विद्यार्थ्यांना स्वतःची रचना करावी लागे. नृत्यसमीक्षक जॉन मार्टिन नृत्याच्या इतिहासावर व्याख्याने देत. अशा रीतीने शारीरिक सराव, रचना, संगीत, इतिहास व समीक्षा ही अंगे एकत्र आली.

ग्रॅहम यांची 'पॅनोरमा' (१९३५) व 'लेटर टू द वर्ल्ड' (१९४०), हम्फ्री यांची 'विथ माय रेड फायर्स' (१९३६) आणि होल्म यांची 'ट्रेंड' (१९३७) या रचना प्रथम बेनिंग्टन येथे सादर झाल्या. १९३९ चे सत्र कॅलिफोर्नियातील मिल्स महाविद्यालयात भरले. १९४२ नंतर, युद्धकाळात, हा उपक्रम थांबला.

प्रभाव

उन्हाळी शाळेत येणाऱ्यांपैकी अनेक जणी महाविद्यालयांतील शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिका होत्या. परतल्यावर त्या नव्या पद्धतीने नृत्य शिकवू लागल्या आणि नृत्यसमूहांना आपल्या संस्थांत प्रयोगांसाठी निमंत्रित करू लागल्या. मोठी नाट्यगृहे व आश्रयदाते दुर्मीळ असलेल्या या नव्या कलेला अशा प्रकारे उत्पन्नाचे साधन आणि जाणकार प्रेक्षक दोन्ही लाभले. विद्यार्थिनींपैकी सर्वच जणी व्यावसायिक नर्तकी झाल्या नाहीत. १९३६ व १९३७ च्या सत्रांत शिकलेल्या एलिझाबेथ ब्लूमर पुढे राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांच्या पत्नी बेटी फोर्ड म्हणून परिचित झाल्या. त्यांनी कलांच्या शासकीय साहाय्याचा सातत्याने पुरस्कार केला.

१९४८ मध्ये कनेक्टिकट महाविद्यालयात सुरू झालेली उन्हाळी नृत्यशाळा व तिच्याशी निगडित अमेरिकन डान्स फेस्टिव्हल हा महोत्सव ही याच परंपरेची पुढील पायरी होय. मार्था हिल १९५१ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्युलियार्ड संस्थेच्या नृत्यविभागाच्या प्रमुख झाल्या. बेनिंग्टनमध्ये पदवी स्तरावरील नृत्यशिक्षण पुढेही चालू राहिले. नर्तक घडवणे एवढाच मर्यादित हेतू न ठेवता, नृत्य हे विचार व अभिव्यक्ती यांचे माध्यम मानून ते सर्वसामान्य पदवी शिक्षणात समाविष्ट करणे, हे या प्रयोगाचे वैशिष्ट्य मानले जाते.