भिंतीविना तुरुंग : स्वतंत्रपूरची कुळकथा

पीटर सालोव्ही आणि जॉन मेयर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली ‘भावनिक बुद्धिमत्ता’ ही संकल्पना शास्त्रीय निबंधातून मांडली आणि १९९५ मध्ये डॅनियल गोलमन यांच्या पुस्तकाने ती कचेऱ्यांपर्यंत पोहोचवली. आपल्या आणि दुसऱ्याच्या भावना ओळखणे, त्यांची कारणे जाणणे आणि त्या जाणिवेने वागणे, हा तिचा गाभा. तिचा विचार मात्र बहुधा एकेकट्या माणसाचा गुण म्हणूनच होतो. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ असलेल्या स्वतंत्रपूर या खुल्या तुरुंगाचा इतिहास वेगळेच सुचवतो : ही समज व्यवस्थेच्या घडणीत उतरवता येते, आणि तशी उतरली तरच ती माणसांच्या पश्चात टिकते.

आज साताऱ्यात असलेले औंध आणि सांगलीत असलेली आटपाडी स्वातंत्र्यापूर्वी एकाच औंध संस्थानात होती. सूर्यनमस्काराचे पुरस्कर्ते म्हणून ओळखले जाणारे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ साली गांधीजींच्या सल्ल्याने घडलेली राज्यघटना लागू केली आणि कारभार ग्रामपंचायतींच्या हाती सोपवला. या कामात त्यांचे पुत्र आप्पासाहेब पंत होते, तसेच ‘भारतानंद’ म्हणून ओळखले जाणारे पोलिश अभियंते मॉरिस फ्रीडमनही होते. त्याच वर्षी फ्रीडमन यांच्या पुढाकाराने कैद्यांची खुली वसाहत, म्हणजेच स्वतंत्रपूर, उभी राहिली. इंग्लंडमध्ये वेकफील्डजवळ १९३६ साली असाच एक खुला तळ सुरू झाला होता. औंधचे वेगळेपण असे की, जो विश्वास राजाने प्रजेवर टाकला, तोच शिक्षा झालेल्या माणसावरही टाकला.

उंच भिंत कैद्याला रोज एकच गोष्ट ऐकवते : तू पळणारच. अशा ठिकाणी राग, लाज आणि भीती आतल्या आत कुजत राहतात, आणि पुन्हा माणूस म्हणून उभे राहण्याचे कारणच उरत नाही. स्वतंत्रपुरात कैद्याला शेतीचे काम मिळाले आणि कुटुंबासोबत राहण्याची मुभा मिळाली. माणदेशच्या कोरड्या रानात पीक काढायचे तर धीर लागतो. बायकामुले डोळ्यांसमोर असली की पळण्याच्या विचाराला आपोआप वेसण बसते. भावना आवरा, असा उपदेश इथे पुरत नाही; ज्यासाठी त्या आवराव्यात असे काहीतरी माणसाच्या हाती द्यावे लागते.

यावर पहिला आक्षेप असा की, खुल्या तुरुंगात निवडक, वर्तणूक चांगली असलेलेच कैदी पाठवतात, तेव्हा त्यावरून सिद्ध काय होणार? आक्षेपात तथ्य आहे. प्रत्येक गुन्हेगाराला हा उपाय लागू पडेल, असा दावा करता येत नाही. पण कोणावर किती विश्वास टाकावा हे पारखणे, हाही भावनिक समजेचाच भाग आहे. सरसकट भाबडेपणा आणि सरसकट संशय, दोन्हींत समोरच्या माणसाकडे पाहण्याचे कष्ट टळतात. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे : दुसऱ्याचे मन ओळखण्याची कला माणसाला हवे तसे वाकवायलाही वापरता येते. कामगाराची भीती अचूक हेरून त्याला जास्त राबवणारा मालक त्या कलेत कच्चा नसतो. म्हणून कसोटी अशी लावावी की, त्या समजेने समोरच्याचे स्वातंत्र्य वाढले की घटले?

स्वतंत्रपूरच्या याच प्रयोगावरून ग. दि. माडगूळकरांनी कथा रचली आणि १९५७ साली व्ही. शांतारामांनी ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. माडगूळकर स्वतः माणदेशचे. बर्लिनच्या महोत्सवापर्यंत गाजलेल्या या चित्रपटात सारा भार एका जेलरच्या सत्त्वावर आहे. पडद्यावर ते शोभते. प्रत्यक्षात १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले, राजे गेले, फ्रीडमन गेले, तरी राज्याच्या कारागृह विभागाखाली स्वतंत्रपूर चालू राहिले. एकट्या भल्या माणसावर उभे असते, तर ते त्याच्याबरोबरच संपले असते.

साखर कारखान्यात, शाळेत वा घरात ही समज हवी असेल, तर लोकांना शिबिरांना धाडण्याआधी आपले नियम तपासावेत. चूक कबूल करणाऱ्याची फजिती होते का? जबाबदारीबरोबर अधिकारही मिळतो का? आजारी मुलासाठी रजा मागताना मान खाली घालावी लागते का? या प्रश्नांची उत्तरे बदलली, की साध्या स्वभावाची माणसेही एकमेकांशी समजुतीने वागू लागतात.