ओढ्याकाठचे हरितपट्टे आणि त्यांच्या खालून निसटणारे नायट्रेट

अमेरिकेच्या आयोवा राज्याची राजधानी डी मॉइन आणि तिची उपनगरे पिण्याच्या पाण्यासाठी प्रामुख्याने रकून आणि डी मॉइन या दोन नद्यांवर अवलंबून आहेत. या नद्यांच्या पाणलोटात मका आणि सोयाबीन यांचेच राज्य आहे. मक्याला दिलेले खत, वराहपालन केंद्रांतून शेतात येणारे मलमूत्र आणि काळ्या जमिनीतला मूळचा सेंद्रिय साठा या तिन्हींतील नत्र नायट्रेटच्या रूपाने पाण्यात उतरते. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १० मिलिग्रॅम नायट्रेट-नत्र ही अमेरिकेतील कायदेशीर मर्यादा आहे. प्रमाण त्याहून वाढले, तर तान्ह्या मुलांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटण्याचा धोका असतो. १९९० च्या दशकाच्या आरंभीच शहराला नायट्रेट काढून टाकणारी स्वतंत्र यंत्रणा उभारावी लागली. २०२५ च्या जूनमध्ये नद्यांतील नायट्रेट इतके वाढले, की शुद्धीकरणाची क्षमता पिण्याच्या पाण्यासाठी राखून ठेवण्याकरिता सुमारे सहा लाख लोकवस्तीच्या या परिसरात अंगणातील हिरवळीला पाणी घालण्यावरच बंदी आली.

प्रदूषण शेतातच रोखण्याचे जे उपाय सांगितले जातात, त्यांत ओढ्याकाठचा हरितपट्टा सर्वांत जुना आणि दिसायला सर्वांत साधा आहे. पीक आणि पाणी यांच्यामध्ये काही मीटर रुंदीची गवत, झुडपे आणि झाडे यांची पट्टी राखायची, एवढेच. मात्र स्फुरद आणि नायट्रेट यांना ती अगदी वेगळ्या रीतीने अडवते. स्फुरद बहुतांशी मातीच्या कणांना चिकटून वाहतो. दाट, ताठ गवतात शिरताच पाण्याचा वेग मंदावतो, गाळ खाली बसतो आणि त्याबरोबर स्फुरदही. नायट्रेट पाण्यात पूर्ण विरघळलेले असते, त्यामुळे ते गवताने गाळले जात नाही. त्याचा निकाल जमिनीखाली लागतो. मुळांच्या थरातील ओलसर, प्राणवायूविरहित मातीत जिवाणू सेंद्रिय कर्बावर जगतात आणि श्वसनासाठी नायट्रेट वापरून त्याचे नत्रवायूत रूपांतर करतात. या क्रियेला विनत्रीकरण म्हणतात. नत्राला अशी हवेत जाण्याची वाट आहे, स्फुरदाला नाही. तो पट्ट्यात साठतच राहतो, म्हणून गवत वेळोवेळी कापून बाहेर नेणे हाही व्यवस्थेचाच भाग ठरतो.

या कल्पनेची आयोवातील कसोटी राज्याच्या मध्यभागी, स्टोरी काउंटीतील बेअर क्रीक या छोट्या ओढ्यावर लागली. १९९० पासून आयोवा राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी स्थानिक शेतकऱ्यांच्या जमिनीवर पट्टे लावण्यास सुरुवात केली. पाण्यालगत जलद वाढणारी झाडे (त्यांत महाराष्ट्राच्या नदीकाठी आढळणाऱ्या वाळुंजाचे सगोत्र विलो), मग झुडपे आणि शेताच्या बाजूला स्विचग्रास हे खोल मुळांचे देशी गवत अशी रचना होती. पृष्ठभागावरून वाहणाऱ्या पाण्याच्या मोजणीत केवळ स्विचग्रासच्या सुमारे ७ मीटर पट्ट्याने ९५ टक्के गाळ आणि ६२ टक्के नायट्रेट अडवले. मागे झाडाझुडपांची जोड देऊन रुंदी सुमारे १६ मीटर केल्यावर गाळाचा आकडा ९७ झाला, नायट्रेटचा ८५. म्हणजे गाळासाठी गवत जवळजवळ पुरते; झाडांची खरी कमाई विरघळलेल्या अन्नद्रव्यांत दिसते.

हे आकडे उत्साहवर्धक आहेत, पण ते पट्ट्यातून जाणाऱ्या पाण्याचे आहेत. उत्तर आणि मध्य आयोवातील बरेचसे पाणी पट्ट्यातून जातच नाही. ही मुळात दलदलीची भूमी. ती लागवडीखाली आणण्यासाठी एकोणिसाव्या शतकापासून शेतांखाली निचऱ्याचे नळ पुरण्यात आले. पूर्वी ते भाजक्या मातीचे असत, म्हणून आजच्या सच्छिद्र प्लास्टिकच्या नळांनाही ‘टाइल’च म्हणतात. सांगली-कोल्हापूरकडील क्षारपड उसाच्या जमिनी सुधारण्यासाठी जो भूमिगत निचरा केला जातो, त्याच जातीची ही व्यवस्था. मुळांखाली उतरलेले नायट्रेटयुक्त पाणी हे नळ गोळा करतात आणि हरितपट्ट्याच्या खालून थेट ओढ्यात सोडतात. वर गवत डोलत असते, खाली नायट्रेट वाहत असते.

यावरचा उपाय बेअर क्रीकवरच शोधला गेला. २०१० मध्ये एम्स येथील केंद्रीय कृषी संशोधन प्रयोगशाळा आणि विद्यापीठ यांनी तेथे पहिला ‘संपृक्त हरितपट्टा’ तयार केला. निचऱ्याचा मुख्य नळ ओढ्याला मिळण्याआधी जमिनीत एक पेटी बसवायची आणि तिच्यातील फळ्यांनी पाण्याची पातळी चढवायची. चढलेले पाणी काठाला समांतर पुरलेल्या सच्छिद्र नळात वळते आणि तेथून पट्ट्याच्या मातीत झिरपत ओढ्याकडे जाते. पहिल्या प्रयोगात एकूण प्रवाहापैकी सुमारे निम्मे पाणी असे वळले आणि वळलेल्या पाण्यातील नायट्रेट जवळजवळ पूर्ण नाहीसे झाले. उरलेले निम्मे मात्र पेटी ओलांडून पूर्वीसारखेच ओढ्यात गेले. जोरदार पावसानंतर हा ओलांडणारा वाटा वाढतो. शिवाय काठ फार खोल चिरलेला असेल किंवा माती वाळूची असेल, तर ही रचना जमत नाही.

शेजारच्या मिनेसोटाने २०१५ मध्ये कायदाच केला. सार्वजनिक जलप्रवाहांलगत सरासरी ५० फूट आणि सार्वजनिक निचरा-चरांलगत साडेसोळा फूट कायमस्वरूपी वनस्पती राखणे तेथे बंधनकारक आहे. नियम फुटांत आहे, कारण फूट मोजता येतात. काठ ढासळणे आणि गाळ वाहणे यांवर तो उपयोगी आहे, पण टाइलच्या पाण्याला ती रुंदी लागूच होत नाही. आयोवाने सक्ती टाळली. २०१३ चे तेथील अन्नद्रव्य-घट धोरण नत्र आणि स्फुरद ४५ टक्क्यांनी कमी करण्याचे ध्येय ठेवते, पण सहभाग ऐच्छिक आहे. त्याच वर्षी, २०१५ मध्ये, डी मॉइनच्या जलपुरवठा संस्थेने वरच्या तीन काउंट्यांतील निचरा-मंडळांवर खटला भरला. कायद्याने या मंडळांचे अधिकार मर्यादित असल्याने २०१७ मध्ये तो फेटाळला गेला. नायट्रेट काढण्याचा खर्च शहराच्या पाणीपट्टीतच राहिला.

तिढा येथेच आहे. संपृक्त पट्ट्याने शेतकऱ्याचे पीक एका दाण्याने वाढत नाही. लाभ खालच्या गावाला होतो आणि त्याखाली, मिसिसिपीच्या मुखाशी, मेक्सिकोच्या आखातातील प्राणवायूविरहित क्षेत्राला. अलीकडच्या वर्षांत डी मॉइन ज्या पोल्क काउंटीत आहे, तेथील सार्वजनिक यंत्रणांनी शेतकऱ्याची वाट पाहणे सोडले. योग्य जागा त्यांनी स्वतः हेरल्या, अनेक शेतांचे काम एकाच कंत्राटात बांधले आणि जमीनमालकाला एक पैसाही खर्च करावा न लागता पेट्या बसवून दिल्या.