सोळा पेन्स की अठरा पेन्स : हुंडणावळीचा दर आणि खानदेशचा कापूस

रुपयाचा भाव लंडनमध्ये ठरावा आणि त्याचे परिणाम एरंडोल वा शिरपूरच्या शेतकऱ्याने भोगावेत, हा प्रकार खानदेशच्या इतिहासात फार जुना नाही. १८१८ मध्ये हा मुलूख कंपनीच्या ताब्यात आला, तेव्हा दक्षिणेत अनेक टांकसाळींचे रुपये चालत. शेजारच्या चांदवडचा चांदोरी रुपया त्यांपैकीच एक. या नाण्यांमधील बट्टा सराफ ठरवीत. १८३५ च्या कायद्याने १८० ग्रेन वजनाचा एकच रुपया कंपनीच्या सर्व मुलखाकरिता ठरला आणि हा अंतर्गत बट्टा कालांतराने मावळला. त्याची जागा पुढे एका दूरच्या बट्ट्याने घेतली. तो म्हणजे रुपया आणि पौंड यांमधील हुंडणावळ.

हा दूरचा बट्टा खानदेशच्या शेतापर्यंत पोहोचला तो कापसाच्या मार्गाने. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्धाने हिंदी कापसाला अपूर्व मागणी आली. त्याच दशकात मुंबईहून निघालेला लोहमार्ग जळगाव-भुसावळपर्यंत आला. तेव्हापासून कपाशीचा भाव लिव्हरपूलला दर रत्तलास पेन्समध्ये निघे, मुंबईच्या बाजारात त्याचे खंडीमागे रुपये होत आणि त्यावरून जळगाव-धुळ्याच्या अडत्यांचा भाव ठरे. उलटपक्षी शेतकऱ्याची देणी रुपयांतच ठरलेली होती. रयतवारीतील सारा तीस-तीस वर्षांकरिता रुपयांत बांधलेला असे आणि सावकाराचे खतही रुपयांचेच. उत्पन्न पेन्समध्ये आणि देणे रुपयांत, अशा स्थितीत या दोहोंमधील दर कोणता, हा प्रश्न केवळ अर्थशास्त्रज्ञांचा उरत नाही.

१८७३ नंतर युरोपातील राष्ट्रे सुवर्णचलनाकडे वळली व चांदी उतरू लागली. सुमारे दोन शिलिंगांचा रुपया १८९२ च्या सुमारास एक शिलिंग तीन पेन्सांपर्यंत घसरला. त्या काळात जगात मालाचे भाव सोन्याच्या मापाने उतरत होते. रुपयाही उतरत असल्यामुळे कापसाच्या रुपयांतील किमतीला काहीसा टेका मिळाला. तथापि हा लाभ सरळ शेतकऱ्याच्या हाती पडला असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. पीक उभे असतानाच ज्याने ते सावकाराला लिहून दिले, त्याला चढत्या भावाचे सुख कितपत मिळणार? सरकारची अडचण मात्र स्पष्ट होती. विलायतेतील खर्च पौंडांत भरावा लागे आणि प्रत्येक पौंडामागे अधिकाधिक रुपये मोजावे लागत. म्हणून जून १८९३ मध्ये टांकसाळी खाजगी चांदीला बंद झाल्या. रुपया दुर्मिळ करून तो १८९८ पर्यंत सोळा पेन्सांवर आणला गेला आणि १८९९ मध्ये पंधरा रुपयांस एक सॉव्हरिन हा दर कायद्याने मान्य झाला.

पहिल्या महायुद्धात चांदी महागली आणि ही घडी विस्कटली. १९२० मध्ये दोन शिलिंगांचा दर ठरविण्याचा प्रयत्न पुरता फसला. पुढे रुपया अठरा पेन्सांवर आला, तेव्हा १९२६ मध्ये हिल्टन यंग आयोगाने तोच दर कायम करण्याची शिफारस केली. सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी भिन्नमतपत्रिका जोडून सोळा पेन्सांचा आग्रह धरला. १९२७ च्या कायद्याने अठरा पेन्सांचा पक्ष विजयी झाला.

दोन पेन्सांचा हा वाद वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु हिशेब करून पाहावा. मुंबईची खंडी ७८४ रत्तलांची. रत्तलास सहा पेन्स भाव धरला तर खंडीचे ४,७०४ पेन्स होतात. सोळा पेन्सांच्या दराने त्यांचे रुपये २९४. अठरा पेन्सांच्या दराने रुपये २६१, आणे ५, पै ४. भाडे, दलाली व अडत वजा होण्यापूर्वीच खंडीमागे ३२ रुपये १० आणे ८ पै कमी झाले. सारा मात्र एका पैनेही उतरला नाही.

या वादाला दुसरी बाजूही होती व ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आयोगापुढील साक्षीत मांडली. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा त्यांचा ग्रंथ १९२३ मध्येच प्रसिद्ध झाला होता. उतरत्या हुंडणावळीने होणारा लाभ परदेशातून येत नाही, तो देशातल्याच एका वर्गाकडून दुसऱ्याकडे जातो आणि वस्तू महागल्या की भार मजुरावर पडतो, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता. जळगाव-अमळनेरच्या गिरण्यांतील कामगार व रोजंदारीवर कापूस वेचणाऱ्या बाया यांचा विचार केल्यास हा आक्षेप दुर्लक्षिता येत नाही. मात्र अल्पभूधारक कपाशीवाला एकाच वेळी विक्रेताही असे आणि मजूरही. त्याला यांपैकी कोणत्या वर्गात घालावे, हे दोन्ही पक्षांच्या युक्तिवादातून नीट उलगडत नाही.

१९२९ नंतरच्या मंदीत भाव इतके कोसळले की त्यापुढे दोन पेन्सांचा फरक लहान ठरला. सप्टेंबर १९३१ मध्ये पौंडाने सोने सोडले, रुपया पौंडाला बांधलेलाच राहिला आणि कायद्याने २१ रुपये ३ आणे १० पै तोळा ठरलेले सोने काही वर्षांत तिशीपलीकडे गेले. देणेदार कुटुंबांचे दागिने देशभर विक्रीस निघाले.

दुसरा आघात येनचा होता. आखूड धाग्याच्या हिंदी कापसाचे मोठे गिऱ्हाईक यावेळी जपान हेच होते. त्याने डिसेंबर १९३१ मध्ये सोने सोडले. पूर्वी १०० येनला सुमारे १३७ रुपये पडत, ते १९३३ मध्ये ८० च्या आसपास आले. स्वस्त जपानी कापडावर हिंदुस्थानने जकात वाढविताच जपानी गिरण्यांनी हिंदी कापसावर बहिष्कार टाकला. जानेवारी १९३४ च्या तडजोडीने तो उठला. खानदेशच्या गिरण्यांना जी जकात तारक वाटली, तीच त्यांच्या शेजारच्या शेतकऱ्याला काही महिने मारक ठरली.

डिसेंबर १९३६ मध्ये पूर्व खानदेशातील फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच अधिवेशन. तेथील शेतीविषयक कार्यक्रमात सारा व कर्ज यांतील सवलतीला अग्रस्थान होते. मुंबई प्रांतात कर्जनिवारणाचा कायदा १९३९ मध्ये झाला. अठरा पेन्सांचा दर मात्र स्वातंत्र्यानंतरही टिकला. १९४९ मध्ये पौंडाबरोबर रुपयाचेही अवमूल्यन झाल्यामुळे तो तेव्हाही ढळला नाही. ६ जून १९६६ रोजी पौंडाचे १३ रुपये ३३ पैशांऐवजी २१ रुपये झाले, तेव्हा तो संपला.