लॉर्ड ॲक्टन आणि एक पत्र

सत्ता माणसाला बिघडवते, हे लॉर्ड ॲक्टनचे वचन शाळेच्या वक्तृत्वस्पर्धेत हमखास ऐकू येते. पण ते सांगताना आपण बहुधा त्यातला एक शब्द गाळतो. सत्तेचा कल बिघडवण्याकडे असतो, एवढेच ॲक्टन म्हणाला. अनिर्बंध सत्ता मात्र माणसाला पार नासवते, हे त्याने पुढे जोडले. आणि गंमत अशी, की हे वाक्य कुठल्या ग्रंथातले नाही. ते १८८७ सालच्या एका खासगी पत्रातले आहे, आणि ते पत्र म्हणजे दोन इतिहासकारांचे भांडण होते.

जॉन ॲक्टन १८३४ साली इटलीत, नेपल्स शहरी जन्मला. घराणे इंग्रज, आई जर्मन सरदारघराण्यातली. इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, इटालियन या त्याला घरच्याच भाषा. धर्माने तो रोमन कॅथलिक, म्हणून केंब्रिजच्या तीन कॉलेजांनी त्याला दारातूनच परत लावले. मग तो म्युनिकला डॉलिंगर नावाच्या पाद्री पंडिताकडे शिकला. अस्सल कागद स्वतः पाहिल्याखेरीज लिहायचे नाही, हे वळण त्याला तिथे लागले. पुढे सहा वर्षे तो पार्लमेंटात होता, पण तिथे फारसा बोललाच नाही. १८६९ साली ग्लॅडस्टनच्या शिफारशीने तो लॉर्ड झाला.

त्याच वर्षी रोमला धर्मपरिषद भरली. पोपने आपल्या पदाच्या अधिकाराने धर्माविषयी दिलेला निर्णय चुकूच शकत नाही, असा ठराव तिथे यायचा होता. ॲक्टन निष्ठावान कॅथलिक. तरी रोमला मुक्काम ठोकून त्याने विरोधकांची मोट बांधली. पण १८७० मध्ये ठराव पास झाला. डॉलिंगरवर बहिष्कार पडला. ॲक्टन धर्मातच राहिला, पण मनातली सल गेली नाही.

आता ते पत्र. मँडेल क्रायटन हा प्रॉटेस्टंट धर्मगुरू आणि केंब्रिजचा प्राध्यापक. त्याने पोपांचा इतिहास लिहिला, आणि जुन्या पोपांविषयी बराच सौम्य लिहिला. माणसाला त्याच्या काळात ठेवून पाहावे, असे त्याचे म्हणणे. ॲक्टन भडकला. तो विचारतो, सामान्य माणसाने खून केला तर फाशी, मग राजाने किंवा पोपने करवला तर समजूतदारपणा कशाला? त्याच्या मते न्याय उलटा हवा: ज्याच्या हाती सत्ता, त्याच्याकडे अधिक संशयाने बघायचे. राणी एलिझाबेथने कैदेतल्या मेरी राणीचा पहारेकऱ्याकडून खून करवू पाहिला, हे उदाहरणही त्याने दिले आहे. क्रायटनचा मोठेपणा असा, की ॲक्टनने त्याच्याच पुस्तकावर लिहिलेला कडक अभिप्राय त्याने आपल्याच नियतकालिकात छापला.

मात्र ॲक्टनचा तराजू नेहमीच सरळ होता असे नाही. अमेरिकेच्या यादवी युद्धात त्याने गुलामगिरी राखणाऱ्या दक्षिणेची बाजू घेतली. घटकराज्यांचे हक्क म्हणजे स्वातंत्र्याची कुंपणे, असे त्याला वाटे. दक्षिण हरली तेव्हा त्याला दुःख झाले, आणि १८६६ साली त्याने तसे पत्रच दक्षिणेच्या सेनापतीला, लीला, धाडले. त्या कुंपणाआड गुलाम होते, तेवढे त्याच्या नजरेत भरले नाही.

१८९५ साली त्याच केंब्रिजने त्याला आधुनिक इतिहासाचे प्राध्यापकपद दिले! तिथे त्याने अनेक लेखकांच्या हातून एक प्रचंड इतिहासमाला आखली. प्रास्ताविक लिहायला त्याने कोणाला बोलावले म्हणता? क्रायटनला. पण पहिला खंड १९०२ च्या अखेरीस निघाला, आणि ॲक्टन त्याच वर्षी जूनमध्ये बव्हेरियात वारला होता.

स्वातंत्र्याचा इतिहास लिहावा ही त्याची जन्माची इच्छा. त्यासाठी त्याने सुमारे ६०,००० पुस्तके जमवली. पुढे पैशाची ओढाताण झाली, तेव्हा अँड्र्यू कार्नेगी या धनिकाने सारा संग्रह विकत घेतला आणि तो हयातभर ॲक्टनकडेच राहू दिला. ॲक्टनमागे कार्नेगीने तो जॉन मोर्लेला दिला. हाच मोर्ले पुढे भारतमंत्री झाला, १९०९ च्या सुधारणांमुळे आपल्याला माहीत असलेला. मोर्लेने तो केंब्रिज विद्यापीठाला देऊन टाकला. ॲक्टनने हयातीत मोठा ग्रंथ असा एकही पुरा केला नाही. व्याख्याने आणि लेख त्याच्यामागे, १९०६ आणि १९०७ साली, इतरांनी छापले. स्वातंत्र्याच्या इतिहासासाठी काढलेली त्याची टिपणे आजही केंब्रिजच्या ग्रंथालयात आहेत.